घोरणाऱ्याच्या उशाशी

आमचे वडील १९७०च्या सुमारास सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या मामलेदार कचेरीत अव्वल कारकून होते, आणि त्यांच्या नोंदवह्यांतील अक्षर इतके रेखीव असे की दप्तरतपासणीला आलेले प्रांतसाहेबही पान उलटण्यापूर्वी क्षणभर थांबत. परंतु त्याच वह्यांच्या पानांवर, दुपारी दोन ते चारच्या दरम्यान लिहिलेल्या मजकुरात, अधूनमधून एखाद्या अक्षराच्या शेपटीपासून निघालेली आणि रकान्यांच्या मर्यादा ओलांडत तिरपी खाली उतरत गेलेली शाईची एक बारीक रेघ दिसे. ती कशाची खूण आहे हे कचेरीत सर्वांना ठाऊक होते आणि वडिलांविषयीच्या आदरापोटी कोणी त्याचा उच्चार करीत नसे. लिहिता लिहिता त्यांचा डोळा लागलेला असे.

रात्री तेच वडील अंथरुणाला पाठ लागताच झोपत आणि पाचदहा मिनिटांत त्यांचे घोरणे माजघर ओलांडून ओटीवर निजलेल्या आम्हां भावंडांपर्यंत येऊन पोचे. मुक्कामाला आलेल्या पाहुण्यांनी सकाळच्या चहाच्या वेळी त्यावरून दोन शब्द थट्टेचे बोलावेत आणि वडिलांनी ते हसून घ्यावेत, हा आमच्याकडच्या पाहुणचाराचाच एक भाग होऊन बसला होता. आई त्या थट्टेत कधी सामील झाल्याचे मला आठवत नाही. चढत चढत गेलेला तो आवाज एकाएकी तुटला की ओटीवरचे आम्ही सुटल्यासारखे कूस बदलून झोपी जात असू. ती मात्र नेमकी त्याच वेळी उठून बसे, वडिलांच्या नाकासमोर आपल्या हाताची मागची बाजू धरी आणि मनातल्या मनात अंक मोजू लागे. वीस, पंचवीस, कधी तीसपर्यंत मोजणे जाई. मग वडिलांच्या सर्वांगाला हिसका बसे, घशातून एक मोठा घुरका निघे, श्वास सुरू होई आणि ती पुन्हा आडवी होई.

“ह्यांची छाती वरखाली होते, पण हाताला वारा लागत नाही,” असे तिने एकदा आमच्या घरच्या डॉक्टरांना सांगितले. डॉक्टर मोठे सज्जन गृहस्थ होते. त्यांनी वडिलांचा रक्तदाब पाहिला, तो वाढलेला निघाला, त्यावर गोळ्या लिहून दिल्या, आणि घोरणे ही गाढ झोपेची निशाणी आहे, तेव्हा वहिनी, आता तुम्हीही निर्धास्त झोपा, असा दिलासा देऊन तिला परत पाठवले. १९७९ साली, वयाच्या ५४व्या वर्षी, पहाटे पाचच्या सुमारास वडिलांना पक्षाघाताचा झटका आला आणि तिसऱ्या दिवशी ते गेले. रात्रीचा कोंडणारा श्वास हेच त्या झटक्याचे कारण होते, असे मी आज छातीठोकपणे म्हणू शकत नाही. रक्तदाब होता, तंबाखू होती, बैठी नोकरी होती, आणि गेलेल्या माणसाच्या रोगाचे निदान चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी करण्याचा अधिकार कोणालाच नसतो. मात्र २०१८च्या डिसेंबरात पुण्यातल्या एका रुग्णालयात, अंगभर तारा लावून निजवलेल्या माझ्या थोरल्या भावाच्या उशाशी बसलो असताना माझ्या ध्यानात आले की, आईच्या त्या साध्या वाक्यात या रोगाची संपूर्ण व्याख्या होती, आणि ती ऐकून घेण्याची तसदी मात्र कोणी घेतली नव्हती.

ती व्याख्या आधी उलगडून सांगणे जरूर आहे. नाकाच्या पोकळीला हाडाच्या भिंती आहेत आणि स्वरयंत्राखालच्या श्वासनलिकेला कूर्चेची कडी आहेत. या दोहोंच्या मधला, जेमतेम अर्ध्या वितीचा जो टप्पा, ज्याला आपण ढोबळपणे घसा म्हणतो, तेवढ्यालाच असा भक्कम आधार नाही. हवा, अन्न आणि वाणी या तिघांचीही ये-जा एकाच गल्लीतून व्हायची असल्यामुळे ती गल्ली मऊ, लवचिक आणि क्षणोक्षणी आकार बदलणारी असावी लागते, आणि मनुष्याला लाभलेल्या वाणीची ही किंमत असावी असे मानणारे अभ्यासक आहेत. जागेपणी जिभेचे आणि घशाचे स्नायू ती वाट ताणून उघडी ठेवतात. झोप लागली म्हणजे ते सैल पडतात, जीभ मागे सरते, मऊ टाळू आणि पडजीभ खाली लोंबतात. वाट अरुंद झाली की तिच्यातून जोराने जाणाऱ्या हवेने हे मांसल पडदे फडफडू लागतात, आणि त्या फडफडण्यालाच आपण घोरणे म्हणतो. वाट अरुंद होण्यावर न थांबता पुरती मिटली, तर आवाजही बंद होतो. मग श्वासपटल खालून ओढ घेत राहते, छाती वरखाली होते, पण हाताला वारा लागत नाही.

हा रोध दहा सेकंदांहून अधिक टिकला म्हणजे वैद्यकशास्त्र त्याची दखल घेते. रक्तातला प्राणवायू उतरू लागतो, धोक्याची सूचना मेंदूला पोचते आणि मेंदू झोपेचा भंग करून स्नायूंना कामाला जुंपतो. घसा उघडतो, घुरका येतो, दोनचार श्वास घाईघाईने घेतले जातात आणि झोप पुन्हा लागते. जाग आली होती हे झोपणाऱ्याला कळत नाही, कारण ती अवघ्या काही सेकंदांची असते. परंतु तेवढ्यात रक्तदाब उसळून गेलेला असतो आणि हृदय धावलेले असते. पूर्ण आणि अपुरे असे दोन्ही प्रकारचे रोध मिळून तासाला पाचापेक्षा कमी असतील तर ते सामान्य समजतात. पाच ते पंधरा म्हणजे सौम्य, पंधरा ते तीस म्हणजे मध्यम आणि तिसाच्या पुढे तीव्र. हिशेब करून पाहावा: तासाला तीस या दराने सात तासांत दोनशे दहा वेळा. दर दोन मिनिटांनी खांद्याला धरून हलवावे आणि सकाळी विचारावे की झोप कशी झाली, असा हा प्रकार आहे. आणि रोगी मात्र झोप उत्तम झाली असेच उत्तर देतो. या रोगाला डॉक्टर स्लीप ॲप्निया म्हणतात, मराठीत निद्राश्वासरोध म्हणता येईल. घरोघर मात्र त्याला अजून नाव नाही, नुसते घोरणे आहे.

प्रत्येक घोरणाऱ्याला हा रोग असतो असे मुळीच नाही, आणि हे ठासून सांगितले पाहिजे, कारण नुसत्या घोरण्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. पण घोरणे मध्येच तुटत असेल, दिवसा पेंग येत असेल, सकाळी डोके जड आणि तोंड कोरडे पडलेले असेल, तीन-तीन गोळ्या चालू असून रक्तदाब हटत नसेल, तर रात्रीची चौकशी झालीच पाहिजे. रात्री तीनचार वेळा लघवीला उठावे लागणे हेही या रोगाचे एक लक्षण आहे, ज्याचा दोष बहुधा मधुमेहाच्या किंवा प्रोस्टेटच्या माथी मारला जातो. मिटलेल्या घशाविरुद्ध छाती ओढ घेते तेव्हा हृदयाचा वरचा कप्पा ताणला जातो आणि त्यातून असा एक स्राव सुटतो की जो मूत्रपिंडांना अधिक पाणी बाहेर टाकण्याचा हुकूम देतो. स्त्रियांमध्ये, विशेषतः मासिक पाळी गेल्यानंतर, हाच रोग घोरण्यापेक्षा थकवा, उदासी किंवा झोप न लागणे अशा वेषात येतो आणि म्हणून अधिकच दुर्लक्षित राहतो; घरातल्या बाईच्या थकव्याची फिर्याद आपल्याकडे मुळात कोणी दाखल करून घेत नाही. लहान मुलांत टॉन्सिल व ॲडेनॉइड वाढल्यामुळे तो होतो. असे मूल तोंड उघडे टाकून झोपते, अंथरूण ओले करते, शाळेत पेंगण्याऐवजी उलट चिडखोर आणि चंचल होते, आणि त्याबद्दल मार खाते. त्या गाठी काढल्या की बहुतेक मुले सुधारतात.

लठ्ठपणाशी या रोगाचे नाते निकटचे आहे, कारण मेद मानेतही साठतो आणि घशाची वाट आतून दाबतो. आपल्या प्राचीन वैद्यांच्या नजरेतून हे नाते सुटलेले नव्हते असे दिसते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ज्या एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल मनुष्याचे विवेचन आहे, त्याच अध्यायात निद्रेचेही आहे. आणि अन्य प्राचीन ग्रंथांत मेदोरोगाच्या लक्षणांत क्षुद्रश्वास, अतिनिद्रा यांच्या जोडीने ‘क्रथन’ हा एक शब्द येतो, ज्याचा अर्थ कोणी घोरणे असा करतात आणि कोणी श्वासाचे अकस्मात कोंडणे असा करतात. त्या काळी सर्व काही माहीत होते असल्या अभिमानाने मी हे सांगत नाही; मला एवढेच वाटते की ज्याने कोणी तो शब्द प्रथम योजला, तो कधीतरी एखाद्या स्थूल माणसाच्या उशाशी रात्री जागा राहिला असला पाहिजे. उलट बाजूही सांगितली पाहिजे: आशियाई लोकांत जबड्याची ठेवणच अशी लहान असते की शरीराने बेताच्या माणसालाही हा रोग गाठतो. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेहमीच्या आरोग्यतपासणीसाठी आलेल्या मध्यमवयीन पुरुषांची पाहणी करून २००४ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत १९.५ टक्के पुरुषांच्या श्वासात झोपेत बिघाड आढळला आणि ७.५ टक्क्यांना दिवसाच्या पेंगेसह पूर्ण रोग होता. ही माणसे आजारी म्हणून आलेली नव्हती, हे लक्षात घ्यावे.

पाश्चात्त्य वैद्यकाला हा रोग सापडण्याची हकिकत मला विशेष उद्बोधक वाटते, कारण तीत तीच एक चूक पुन्हा पुन्हा घडलेली आहे. चार्ल्स डिकन्सने १८३६-३७ साली क्रमशः प्रसिद्ध केलेल्या ‘पिकविक पेपर्स’ या कादंबरीत ‘जो’ नावाचा एक लठ्ठ मुलगा आहे, जो दार ठोठावता ठोठावता उभ्या उभ्या झोपी जातो. वाचकांनी त्याला हसून घेतले. १८७७ साली विल्यम ब्रॉडबेंट या इंग्रज वैद्याने उताणे घोरत पडलेल्या वृद्धांचा श्वास घशाच्या अडथळ्याला हरून कसा खंडित होतो आणि मग मोठ्या घुरक्याने कसा सुटतो याचे अचूक वर्णन लिहून ठेवले. ते कोणी पुढे चालवले नाही. १९५६ साली अमेरिकेत बर्वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका ५१ वर्षांच्या, अतिशय स्थूल व्यवसायी गृहस्थाची हकिकत प्रसिद्ध केली, जे पोकर खेळताना हातात तीन एक्के आणि दोन बादशहा अशी पाने येऊनही ती लावण्यापूर्वीच झोपी गेले आणि त्या प्रसंगानंतर रुग्णालयात दाखल झाले. या विकाराला त्यांनी डिकन्सच्या कादंबरीवरून नाव दिले, रक्तातल्या वायूंचे मोजमाप केले, वजन उतरवून रोग्याला बरेही केले; पण त्यांनी त्याला तपासले ते जागेपणी. त्याची पेंग रक्तात साचलेल्या दूषित वायूमुळे आहे असा त्यांचा समज झाला, आणि रात्री त्याच्या घशात काय चालते हे पाहायला त्याच्या खाटेशी कोणी बसले नाही.

बसले ते १९६५ साली, आणि तेही एकमेकांपासून दूर दोन ठिकाणी: फ्रान्समध्ये मार्सेलिस येथे गास्तो, तासिनारी व द्यूराँ हे तिघे आणि जर्मनीत फ्रायबुर्ग येथे युंग व कूलो हे दोघे. मेंदूच्या लहरी, श्वास आणि छातीची हालचाल रात्रभर कागदावर उतरवून घेताच गुपित उघडे पडले, की दिवसाची पेंग ही रात्रीच्या शेकडो तुटलेल्या झोपांची थकबाकी आहे. पुढे इटलीत बोलोन्या येथे लुगारेसी यांनी आणि अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे गीयेमिनो यांनी हे काम वाढवले, आणि १९७६ साली गीयेमिनो यांनी या लक्षणसमूहाला स्लीप ॲप्निया हे नाव रूढ केले. रोग सापडला, पण इलाज काय? गळ्याला खालच्या बाजूने भोक पाडून त्यात नळी बसवणे, एवढाच. रोगी दिवसा त्या नळीला बूच लावून बोलत असे, आणि रात्री बूच काढून झोपत असे. गुण तात्काळ येई. परंतु आयुष्यभर गळ्यात भोक बाळगण्यास किती लोक राजी होतील?

असाच एक नाराज रोगी, बांधकामावर काम करणारा मनुष्य, १९८०च्या जूनमध्ये ऑस्ट्रेलियात सिडनी येथे डॉ. कॉलिन सलिव्हन यांच्याकडे आला होता. सलिव्हन यांनी पूर्वी झोपेतील श्वासावर कुत्र्यांवर प्रयोग केलेले होते आणि त्यांच्या नाकावर बसणारे मुखवटे बनवण्याचा हातखंडा त्यांच्यापाशी होता. घशाच्या पडद्यांना बाहेरून ओढण्यापेक्षा आतून हवेचाच टेकू दिला तर ते मिटणार नाहीत, ही त्यांची कल्पना. घर झाडण्याच्या यंत्राची मोटार, प्लॅस्टिकच्या नळ्या आणि नाकाला चक्क लुकणाने चिकटवलेला मुखवटा, अशा सामग्रीवर त्या रात्री प्रयोग झाला. दाब हळूहळू वाढवत नेताच रोध थांबले. दाब उतरवला की परत सुरू झाले. पुन्हा वाढवला की थांबले. आणि तो मनुष्य, ज्याने कित्येक वर्षांत अखंड झोप पाहिली नव्हती, तासन्‌तास शांत झोपला. अशा पाच रोग्यांचा वृत्तांत १९८१च्या एप्रिलमध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. आज ज्याला सीपॅप म्हणतात ते यंत्र ते हेच; मोटार लहान झाली, मुखवटा मऊ झाला, आणि त्यातले तत्त्व जसेच्या तसे राहिले.

आता दादांकडे वळतो. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठे, आयुष्य बँकेत गेले, अंगाने वडिलांवर गेलेले. त्यांचे घोरणे आम्ही वारसा म्हणून स्वीकारले होते आणि पुन्हा थट्टेवारीच नेले होते, हे मला लाजेने नमूद केले पाहिजे. वहिनींनी एका रात्री त्यांचे घोरणे मोबाईलवर टिपून घेतले आणि दादांना न विचारता ते डॉक्टरांना ऐकवले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. सगळे रेकॉर्डिंग त्यांनी डोळे मिटून ऐकले, मध्ये आवाज थांबला तेव्हा घड्याळाकडे पाहिले, आणि दादांना बाजूला ठेवून आधी वहिनींची सविस्तर जबानी घेतली. मग दादांची मान टेपने मोजली, ती त्रेचाळीस सेंटिमीटर भरली. जीभ बाहेर काढून तोंड उघडायला सांगितले. पडजीभ किती दिसते यावरून घशाच्या अरुंदपणाच्या चार पायऱ्या ठरवतात, आणि ती पद्धत १९८५ साली बोस्टनमधील ज्या भूलतज्ज्ञांच्या निबंधामुळे जगभर गेली, ते मल्लंपाटी मूळचे आपल्या आंध्रातले. दादांची पडजीभ दिसलीच नाही.

नंतर एक कागद पुढे आला, मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी १९९१ साली तयार केलेली एपवर्थ प्रश्नावली. वाचताना, टीव्ही पाहताना, दुपारी आडवे झाल्यावर, जेवणानंतर स्वस्थ बसले असता, अशा आठ प्रसंगी झोप लागण्याचा संभव किती, याला शून्य ते तीन गुण द्यायचे. बेरीज दहाच्या वर गेली तर ती पेंग समजावी. दादांनी स्वतःला सहा गुण दिले. डॉक्टरीणबाईंनी दुसरा कोरा कागद वहिनींच्या हातात दिला, आणि त्यांची बेरीज सतरा झाली. “अहो, परवा कर्वे रस्त्यावर सिग्नल हिरवा होऊन मागचे हॉर्न वाजवत होते, आणि तुम्ही स्टिअरिंगवर मान टाकली होती,” असे वहिनी म्हणाल्या, तेव्हा दादा काही बोलले नाहीत. खोटे ते बोलले नव्हते. स्वतःच्या झोपेविषयी साक्ष देण्यास मनुष्य मुळात लायकच नसतो, एवढेच. ब्रिटनमध्ये या रोगामुळे दिवसा अनावर पेंग येणाऱ्या चालकाने परवाना खात्याला कळवणे बंधनकारक आहे. रात्रीच्या एसटीत आपण चाळीस-पन्नास माणसे एका माणसाच्या जागेपणावर आपला जीव सोपवून झोपतो. त्या माणसाला, आणि त्याहीपेक्षा त्याच्या घरच्यांना, त्याच्या झोपेविषयी एकदा नीट विचारले जावे असे मला कळकळीने वाटते.

तपासणीच्या रात्री नऊ वाजता दादांना एका लहान खोलीत नेले. साध्या खाटेवर स्वच्छ चादर, भिंतीवर अंधारात पाहणारा कॅमेरा, उशाला तारांचे भेंडोळे. तंत्रज्ञ मुलगा सांगली जिल्ह्यातला होता. त्याने केसांतून भांग पाडून ठिकठिकाणी डोक्याची कातडी पुसली आणि चिकट मलम लावून मेंदूच्या लहरींसाठी टिकल्या बसवल्या. डोळ्यांच्या कोपऱ्यांशी दोन, हनुवटीखाली दोन, पिंढऱ्यांवर दोन, छातीवर हृदयासाठी. नाकपुड्यांशी श्वासाचा वारा टिपणारी बारीक नळी, बोटाला प्राणवायू मोजणारी चिमटी. शेवटी छातीभोवती एक आणि पोटाभोवती एक असे दोन पट्टे त्याने आवळले. “हे पट्टे कशाला?” मी विचारले. “छाती हलते का ते पट्टे सांगतात, वारा येतो का ते नळी सांगते,” तो म्हणाला. “छाती हलत असली आणि वारा नसला की समजायचं घसा मिटलाय.” मी त्या मुलाकडे पाहतच राहिलो.

शेजारच्या खोलीत पडद्यावर दादांची रात्र रेघारेघांनी सरकत होती. साडेदहाला ते झोपले. अकराच्या आत नळीची रेघ आडवी सपाट झाली, पट्ट्यांच्या रेघा मात्र डोंगरासारख्या वाढत राहिल्या. प्राणवायूची रेघ काही वेळ तग धरून मग तिरपी खाली उतरू लागली, नव्वद, चौऱ्याऐंशी, अठ्ठ्याहत्तर. वडिलांच्या वहीतली रेघ अशीच उतरत जाई. घुरका आला, सर्व रेघा एकदम विस्कटल्या, आणि प्राणवायू वर चढला. मुलाने नोंद केली: अठ्ठेचाळीस सेकंद. वहिनींना थोडा वेळ आत बोलावले होते. पडद्याकडे न बघता, नुसत्या आवाजावरून, रोध कधी सुरू झाला आणि कधी सुटणार हे वहिनी त्या मुलाच्या आधी सांगत होत्या. मध्यरात्रीपर्यंत सरासरी तासाला बेचाळीस रोध भरले. मग दादांच्या नाकावर मुखवटा बसवून यंत्र सुरू केले आणि दाब एकेका पायरीने चढवत, पाण्याच्या दहा सेंटिमीटरवर नेला. तीनच्या सुमारास पडद्यावरच्या साऱ्या रेघा एका लयीत चालू लागल्या. तो मुलगा खुर्चीत मागे रेलला आणि त्याने प्रथमच आपला चहा प्यायला.

इतके सरळ सर्वांचे होत नाही. हे यंत्र रोग बरा करत नाही, ते लावले असेपर्यंत रोध थोपवते. लावायचे सोडले की दुसऱ्या-तिसऱ्या रात्री मूळ पदावर. किंमत पाच आकडी, वीज हवी, मुखवटा नाकाला काचतो, लग्नाकार्याला गेले की चारचौघांत लावायला संकोच वाटतो. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह सात देशांतील २,७१७ हृदयविकाराच्या वा पक्षाघाताच्या रोग्यांच्या एका मोठ्या चाचणीत, यंत्राने पेंग कमी झाली, मन सुधारले, पण पुढचे झटके मात्र घटले नाहीत. त्या रोग्यांनी ते सरासरी रात्रीचे ३.३ तासच लावले होते, ही गोष्ट निष्कर्षाचा अर्थ लावताना विसरता येत नाही. म्हणून मी कोणाला असे सांगणार नाही की यंत्र घ्या आणि हृदय सुरक्षित झाले समजा. मी सांगेन ते एवढेच की दिवस परत मिळतो.

दुसरे उपायही आहेत, आणि ते रोग्यागणिक ठरतात. वजन दहा टक्के उतरले तर रोधांची संख्या सुमारे चतुर्थांशाने घटते असे अमेरिकेतील विस्कॉन्सिनच्या दीर्घ पाहणीत दिसले. सौम्य रोगात खालचा जबडा पुढे धरून ठेवणारी, दंतवैद्याने मापाने बनवलेली पट्टी कामी येते. उताणे झोपल्यावरच ज्यांचा घसा मिटतो, त्यांना कुशीवर झोपण्याची सवय पुरते. टाळू आणि पडजीभ कापून वाट रुंद करण्याची शस्त्रक्रिया १९८१ पासून होत आहे, पण प्रौढांत तिचा गुण हमखास नाही. जिभेच्या मज्जातंतूला झोपेत चालना देणारे, छातीत बसवायचे उपकरण अमेरिकेत २०१४ पासून मान्य आहे. आणि २०२४च्या डिसेंबरात तेथील औषध प्रशासनाने टिर्झेपेटाइड हे वजन उतरवणारे इंजेक्शन लठ्ठ रोग्यांतील मध्यम व तीव्र निद्राश्वासरोधासाठी मंजूर केले. घशाच्या व्यायामाचीही गोष्ट आहे. २००६ साली झुरिचच्या संशोधकांनी २५ रोग्यांच्या चाचणीत त्यांतल्या काहींना ऑस्ट्रेलियातील आदिवासींचे डिजेरिडू हे लांब फुंकवाद्य चार महिने वाजवायला लावून गुण पाहिला, आणि २०२५ साली जयपूरहून ३० रोग्यांवर शंखवादनाचा असाच प्रयोग प्रसिद्ध झाला, ज्यात सहा महिन्यांनी पेंग घटली आणि तासामागे चारपाच रोध कमी झाले. देवघरातला शंख ओळखीचा म्हणून मला आनंद झाला हे खरे. परंतु तासाला बेचाळीस रोध असणाऱ्याने तेवढ्यावर विसंबणे म्हणजे आत्मघात होईल. रात्रीचे मद्य आणि झोपेच्या गोळ्या मात्र या रोग्यांनी वर्ज्य कराव्यात, कारण घशाचे स्नायू त्या आणखी सैल करतात. आणि कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञाला आपल्या घोरण्याची पूर्ण कल्पना द्यावी.

२०२२च्या फेब्रुवारीत मुंबईत संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा त्यांना हा विकार होता असे त्यांच्या डॉक्टरांनी सांगितले, आणि त्या आठवड्यात आमच्या सोसायटीतल्या तिघीजणींनी वहिनींना गाठून, आमच्या ह्यांचेही असेच होते, कोणाकडे दाखवावे, असे विचारले. तिघीही कित्येक वर्षांपासून मोजत होत्या.

आई २०११ साली गेली. तिला मी यातले काही सांगू शकलो नाही. दादांचे यंत्र घरी आल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात एकदा सकाळी मी त्यांच्याकडे गेलो होतो. दादा पेपर वाचत होते, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, मान न टाकता. वहिनींचे डोळे मात्र तांबारलेले दिसले, म्हणून विचारले, तर म्हणाल्या, “दोनला दचकून जाग आली. आवाजच नाही हो! उठून बसले, नाकाशी हात धरला, मोजायला लागले. मग त्या मुखवट्याच्या बारीक भोकांतून हाताला वारा लागला. तरी थोडा वेळ हात तसाच ठेवला होता.”